संगमावरील इंजिनियरिंग कॉलेज व राहुरीचें कृषि-अभियांत्रिकी महाविद्यालय

अहमदनगर जिल्ह्यांत (या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें) नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीजवळ महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें विस्तीर्ण आवार आहे. या आवारांत पिकांच्या प्रयोगक्षेत्रांच्या सोबतीला इंजिनियरिंगचेंही एक महाविद्यालय आहे. १९६९ सालीं सुरू झालेलें व सरकारी पैशावर चालणारें हें महाविद्यालय डॉ. अण्णासाहेब शिंदे यांच्या नांवानें ओळखलें जातें. नवख्या माणसाला तेथें सहज प्रश्न पडतो कीं, शेतकीच्या विद्यापीठांत इंजिनियर घडविण्याचें प्रयोजन काय? गंमत अशी कीं, १८८० नंतर लवकरच कोणी परका मनुष्य पुण्यास मुळा-मुठेच्या संगमावरील कॉलेज पाहावयास गेला असता, तर त्याला नेमका उलटा प्रश्न पडला असता : इंजिनियरांच्या कॉलेजांत हे शेतकीचे वर्ग कशाला? हे दोन प्रश्न एकाच हकीगतीचीं दोन टोंकें आहेत. मधल्या काळांत इंजिनियरी व शेतकी या दोन विद्या आपल्या प्रांतांत एकमेकींपासून वेगळ्या झाल्या, आणि या फारकतीची किंमत कालव्याखालच्या जमिनींना द्यावी लागली, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. तेवढें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

पुण्याच्या कॉलेजाकडे वळण्यापूर्वीं त्याच्याही आधींच्या एका प्रयत्नाचा उल्लेख करणें अवश्य आहे. १८२३ सालीं कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनियरानें मुंबईस ‘इंजिनियर इन्स्टिट्यूशन’ म्हणून एक शाळा चालविली. मोजणी व बांधकाम यांच्या कामीं साहेब इंजिनियरांना एतद्देशीय मदतनीस मिळावेत हा तिचा हेतु. परंतु या शाळेचें खरें महत्त्व निराळेंच आहे. तेथील शिक्षण मराठींत व गुजराथींत दिलें जात असे, व त्यासाठीं जर्व्हिसनें जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार केलीं. शाळा फार वर्षें टिकली नाहीं. तथापि जर्व्हिसचा आग्रह टिकला. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें शिक्षणाच्या माध्यमाचा जो प्रसिद्ध वाद झाला, त्यांत सर अर्स्किन पेरी यांच्या इंग्रजीच्या बाजूविरुद्ध देशी भाषांची बाजू घेऊन नाना शंकरशेट यांच्यासह उभा राहिला तो हाच जर्व्हिस. आपल्याकडील इंजिनियरीचें शिक्षण मराठी बोलत जन्मास आलें, ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून येथें मुद्दाम नमूद केली.

पुण्याची शाळा निघाली ती १८५४ च्या जुलै महिन्यांत. तिचें मूळ नांव ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. हें वर्ष लक्षांत घेण्यासारखें आहे. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यानें जुनीं लष्करी मंडळें मोडून सार्वजनिक बांधकामाचें स्वतंत्र खातें याच वेळीं उभें केलें. रेल्वेचा पहिला तुकडा मुंबई-ठाण्यास १८५३ मध्यें सुरू झालेला होता. रस्ते, पूल, कालवे, कचेऱ्या, बराकी यांचा एकच धडाका उडणार हें उघड होतें, आणि तितक्या कामांवर देखरेख करावयास विलायतेहून माणसें आणणें परवडणारें नव्हतें. तेव्हां खालच्या जागा येथल्याच तरुणांनीं भराव्या, हा या शाळेमागील हिशेब होता. शाळेनें इंजिनियर निर्माण करावेत अशी मूळ कल्पना नव्हती. इंजिनियराच्या हाताखालचीं माणसें निर्माण करावींत, इतकीच होती. रुरकीचें कॉलेज १८४७ सालीं, कलकत्त्याचें १८५६ सालीं, व मद्रासची जुनी मोजणीशाळा १८५९ च्या सुमारास कॉलेजच्या पदवीस चढली. या चौघांच्याही जन्मपत्रिकेंत बांधकाम खात्याची गरज हाच मुख्य ग्रह आहे. आधीं खात्यांतील जागा ठरली आणि मग त्या जागेसाठीं अभ्यासक्रम आंखला गेला. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण लेखाच्या शेवटीं त्याची पुन्हां गरज लागणार आहे.

आतां जागेविषयीं. सध्यांची मुख्य इमारत ज्या भागांत आहे तो जुन्या भांबुर्ड्याचा, म्हणजे हल्लींच्या शिवाजीनगरचा, संगमाकडील टोंकाचा भाग होय. इतिहासाच्या अभ्यासकाला संगम हें नांव दुसऱ्याच कारणानें परिचित आहे. पेशव्यांच्या दरबारीं असलेल्या इंग्रज वकिलाची रेसिडेन्सी येथेंच संगमाच्या परिसरांत होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, त्या दिवशीं बाजीराव साहेबांच्या फौजेनें ती जाळली, व एल्फिन्स्टनच्या ग्रंथसंग्रहाची राख झाली. अवघ्या अठ्ठेचाळीस वर्षांनीं, ५ ऑगस्ट १८६५ रोजीं, त्याच परिसरांत मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसविली. इमारतीचा नकाशा डब्ल्यू. एस. हॉवर्ड या स्थापत्यकाराचा. बांधकाम येथल्याच काळ्या पाषाणाचें, गॉथिक धर्तीचें. संस्था सरकारी खरी, परंतु इमारतीच्या खर्चांत मुंबईचे दानशूर पारशी गृहस्थ सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचाही हात होता. मुंबई इलाख्यांतील त्या काळच्या सरकारी विद्यामंदिरांपैकीं कित्येकांचा पाया असाच अर्धा सरकारी व अर्धा सावकारी आहे.

शाळेचें कॉलेज होण्यास हीच दोन वर्षें कारण झालीं. १८६५ सालीं थिओडोर कुक हे प्रिन्सिपॉल म्हणून आले, व १८६६ सालीं मुंबई विद्यापीठानें संस्थेला मान्यता देऊन एल. सी. ई. या परीक्षेचा मार्ग मोकळा केला. ‘पूना सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज’ हें नांव या काळचें. कुकसाहेबांची हकीगत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. हे आयर्लंडचे राहणारे. १८६० सालीं बॉम्बे-बडोदें रेल्वेच्या नोकरीनिमित्त ते हिंदुस्थानांत आले व वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या कामावर होते. म्हणजे पेशानें पक्के इंजिनियर. पण आज त्यांचें नांव घेतलें जातें तें पुलासाठीं नव्हे, तर मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर त्यांनीं लिहिलेल्या ग्रंथासाठीं, जो १९०१ ते १९०८ या काळांत भागशः प्रसिद्ध झाला व अद्यापि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या टेबलावर असतो. १८९१ सालीं सरकारी वनस्पति-सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचें काम त्यांच्याकडे आलें, आणि या विभागाचा शुष्क वनस्पतींचा संग्रह पुण्यास उभा राहिला. १८६५ पासून १८९३ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, हा एकच पुरुष संस्थेच्या प्रमुखपदीं होता. ज्याला पूल आणि पान या दोहोंची सारखीच गोडी, अशा माणसाच्या हाताखालीं पुढचा प्रकार घडून आला यांत नवल नाहीं.

तो प्रकार असा. १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनांत भयंकर दुष्काळ पडला. अहमदनगर जिल्ह्याला त्याची झळ विशेष लागली. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर त्या वेळीं दुष्काळपीडित मजूर लावले गेले, व ती वाट १८७८ सालीं खुली झाली. याच दशकांत या जिल्ह्यांत पाण्याचीं जीं कामें सरकारनें केलीं, त्यांत दोन उल्लेखनीय आहेत. एक भातोडीचा तलाव. हा मूळचा निजामशाहीचा. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान यानें बांधविलेला. १६२४ ची मलिकंबराची प्रसिद्ध लढाई याच भातोडीस झाली. फुटून पडलेला हा तलाव बांधकाम खात्यानें नव्यानें उभा केला. दुसरें काम प्रवरेवरील ओझरच्या बंधाऱ्याचें व त्यावरून निघणाऱ्या कालव्याचें. जुन्या नगर शहराला दूरवरच्या झऱ्यांवरून खापरी नळांनीं पाणी आणण्याची निजामशाही कारागिरी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या जिल्ह्यांत पाण्याची इंजिनियरी साहेबाबरोबर आली असें वाटणार नाहीं. तथापि शेतासाठीं, आणि तेंही सरकारी हिशेबानें पाणी वाहूं लागलें, ही गोष्ट मात्र नवी होती.

दुष्काळानें सरकारच्या ध्यानांत एक गोष्ट आणून दिली कीं, नुसता पाट काढून भागत नाहीं. जमीन, बीं, खत, जनावर यांचें ज्ञान असलेलीं माणसेंही पाहिजेत. १८८० च्या दुष्काळ कमिशननें शेतकी खात्यांची जोरदार शिफारस केली. पुण्यास शेतकीचा वर्ग त्याआधींच, १८७९ सालीं निघाला होता, आणि तो निघाला कोठें, तर संगमावरील इंजिनियरिंग कॉलेजांत. जोडीला जंगलखात्याच्या विद्यार्थ्यांचाही वर्ग आला. एका छपराखालीं इतक्या विद्या नांदूं लागल्यावर जुनें नांव अपुरें पडलें, व १८८० च्या सुमारास संस्थेचें नांव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ असें झालें. या नांवाबद्दल पुढें पुष्कळांनीं नाकें मुरडलीं आहेत : ना धड विज्ञानाचें कॉलेज, ना धड इंजिनियरीचें. आम्हांस मात्र हें नांव त्या संस्थेच्या सर्व नांवांत उजवें वाटतें. कारण तेवढीं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षें पाट काढणारा आणि पाट वापरणारा यांचें शिक्षण एकाच आवारांत चाललें.

या काळांतील सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांतून ते १८८१ सालीं बी. ए. झाले, मग पुण्यास आले, व १८८३ सालीं एल. सी. ई. च्या परीक्षेत पहिले येऊन त्यांनीं जेम्स बर्कले पारितोषिक मिळविलें. (हा बर्कले म्हणजे बोरघाटांतून जी. आय. पी. रेल्वे वर नेणारा मुख्य इंजिनियर.) त्या वेळीं पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मुंबई सरकार असिस्टंट इंजिनियराची जागा हमखास देत असे, त्या नियमानें विश्वेश्वरय्या १८८४ सालीं खात्यांत शिरले. ही सवलत मोठी वाटेल, पण तिची दुसरी बाजू विसरूं नये. वरच्या जागांपैकीं बहुतेक इंग्लंडांतील कूपर्स हिल येथील कॉलेजांत तयार झालेल्या तरुणांच्या वांट्यास जात. तें कॉलेज खास हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठींच १८७१ सालीं काढलेलें होतें व १९०६ पर्यंत चाललें. पुण्याहून बाकीचे जे बाहेर पडत त्यांच्या नशिबीं बहुधा मूळचीच, म्हणजे हाताखालची जागा असे.

विश्वेश्वरय्यांचे खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे (१९०३) सर्वांस ठाऊक आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचें दुसरें काम अधिक मोलाचें आहे, तें म्हणजे नीरेच्या डाव्या कालव्यावरील ‘ब्लॉक पद्धत’. हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. बागाइतदारांनीं जागा मिळेल तेथें ऊंस लावला. कालव्याच्या तोंडाशीं पाण्याचा सुकाळ व शेपटाशीं दुष्काळ अशी स्थिति झाली. विश्वेश्वरय्यांनीं गांवोगांवच्या जमिनीचे आटोपशीर तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यांत उंसाबरोबर इतर पिकांची फेरपालट बांधून द्यावी, म्हणजे पाणी पुष्कळ गांवांना पोंचेल व जमिनीलाही विसांवा मिळेल, अशी योजना केली. ही योजना चुना-दगडाची नव्हे. पीक, जमीन आणि पाणी यांचा एकत्र विचार केल्याशिवाय ती सुचणें शक्य नव्हतें. कॉलेज ऑफ सायन्सचाच हा प्रताप असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्याच कॉलेजांतून निघालेल्या माणसाला ती सुचली, इतकें खरें.

याच सुमारास संगमापासून फार दूर नसलेल्या गंज पेठेंत एक गृहस्थ राहत होते, ज्यांना सरकारी बांधकाम आंतून माहीत होतें. जोतीराव फुले हे समाजसुधारक म्हणून सर्वांस परिचित आहेत. ते सरकारी कामांचे मक्तेदारही होते, व खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीं त्यांचा संबंध होता, ही गोष्ट तितकी लक्षांत घेतली जात नाहीं. १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं पाटबंधारे खात्यावर जो कोरडा ओढला आहे, तो त्यामुळें ऐकीव माहितीचा नाहीं. खातें कालवा बांधतें, पाणी विकतें, पट्टी वसूल करतें. परंतु शेतकऱ्याच्या शेतांत वेळेवर व गरजेपुरतें पाणी पडतें कीं नाहीं हें पाहणारा कोणी नाहीं, हा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ. उपायही त्यांनीं सांगितले आहेत. प्रत्येक शेतकऱ्यास जमिनीच्या मानानें पाण्याची तोटी करून द्यावी. डोंगर-टेंकड्यांच्या उतारावर ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी मुरवावें, व या कामीं लष्करांतील व पोलिसांतील रिकामे शिपाई लावावेत. शेताच्या तोंडाशीं माप बसवून पाणी द्यावें हा विचार एका मक्तेदारानें १८८३ सालीं लिहून ठेवला, याचें महत्त्व ज्यांना पाटकऱ्यांचे व शेतकऱ्यांचे आजचे तंटे ठाऊक आहेत त्यांना सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या आरंभीं फारकत झाली. १९०७-०८ मध्यें शेतकीचा विभाग वेगळा होऊन पुण्याचें शेतकी कॉलेज निर्माण झालें, व १९११ सालीं उरलेल्या संस्थेनें ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग, पूना’ हें नांव घेतलें. कारणें समजण्यासारखीं आहेत. दोन्ही विद्या वाढल्या होत्या, दोघींना स्वतंत्र प्रयोगशाळा हव्या होत्या, आणि दोघींचीं सरकारी खातीं निरनिराळीं होतीं. दोन्ही आवारें भांबुर्ड्याच्याच शिवारांत, एकाहून दुसऱ्यास पायीं जातां येईल इतकीं जवळ. पण मध्यें दोन खात्यांचें अंतर पडलें, व तें पायीं तोडण्यासारखें नव्हतें.

या अंतराचा परिणाम किती लवकर दिसला पाहा. शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन हे १९०७ सालीं पुण्यास आले. पुढें पिंपळें सौदागर या गांवाची त्यांनीं केलेली पाहणी अर्थशास्त्राच्या अभ्यासकांत गाजली. परंतु त्याच्या आधीं, १९१० सालींच, त्यांनीं व त्यांचे सहकारी वि. अ. ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर एक पत्रक प्रसिद्ध केलें होतें. काळ्या, खोल, चिकट जमिनींत कालव्याचें पाणी वर्षानुवर्षें मुरत गेलें, त्याला खालून वाट नव्हती, त्यामुळें भूगर्भांतील पाण्याची पातळी वर चढली, व त्याबरोबर क्षारही वर आले. वर पांढरा थर, खालीं चिखल, आणि मध्यें पिकाचीं गुदमरलेलीं मुळें. उपाय एकच : निचऱ्याचे चर. ज्या कालव्याच्या बांधणीबद्दल इंजिनियरांची वाहवा होत होती, त्याच कालव्याखालच्या जमिनीची ही तपासणी शेजारच्या आवारांतील रसायनशाळेनें केली. इंजिनियरांना हें कळत नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या पदाच्या कर्तव्यांत तें बसत नव्हतें. त्यांचें काम मोरीपाशीं संपत असे. मोरीच्या पलीकडे पाण्याचें काय होतें, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा.

सरकारलाही हें उमगलें असावें. कारण १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग काढला, व त्याचें काम ठरविलें तें हेंच कीं, पाणी देण्याची रीत शेतीच्या गरजेप्रमाणें बदलावी. हाच विभाग पुढें वाढत जाऊन खडकवासल्याचें केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला. जी गांठ कॉलेजांत सुटली ती खात्यांत पुन्हां मारण्याचा हा प्रयत्न होता. परंतु पुढें त्या केंद्राचा पसारा नद्या, बंदरें, धरणांच्या प्रतिकृति यांकडे वळला, आणि मोरीखालचें शेत पुन्हां मागें पडलें.

अहमदनगर जिल्ह्यांत या गोष्टीचा पडताळा पुढील पिढींत आला. अकोलें तालुक्यांत प्रवरेवर भंडारदरा येथें १९१० सालीं धरणाचें काम सुरू झालें. सुमारें २७० फूट उंचीचें हें दगडी धरण त्या काळीं देशांतील अत्युच्च धरणांत गणलें जाई. १० डिसेंबर १९२६ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें, म्हणून त्याला विल्सन धरण म्हणतात. तेथें अडविलेलें पाणी नदीनेंच खालीं ओझरपर्यंत येतें, व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनीं संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें या भागांत पसरतें. उत्तरेस कोपरगांवच्या बाजूला दारणा धरणाचें पाणी नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांनीं येऊं लागलें होतेंच. जिरायत मुलखाचें रूप पालटलें. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. पुढें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें लोणीस प्रवरा सहकारी कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. हा वैभवाचा भाग पुष्कळांनीं पुष्कळ वेळां लिहिला आहे, व तो खोटाही नाहीं. न लिहिला जाणारा भाग हा कीं, नीरेकाठीं जें झालें तेंच प्रवरेकाठींही झालें. ऊंस आणि भारी काळी जमीन यांची गांठ पडली, पाणी बेसुमार दिलें गेलें, आणि खोलगट रानें पाणथळ व चोपण होत गेलीं. नीरेचें पत्रक १९१० सालीं छापून तयार होतें. भंडारदऱ्याचा पायाही त्याच सालीं खणला जात होता. एका खात्याचें पत्रक दुसऱ्या खात्याच्या नकाशांत उतरण्यास किती काळ लागतो, याचा हा मासला आहे.

पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा पुढील इतिहास थोडक्यांत आटोपतों. स्थापत्याच्या जोडीला यंत्र व वीज या शाखा आल्या, १९२८ सालीं नदीकांठचा बोट क्लब निघाला, १९४९ पासून संस्था मुंबई विद्यापीठाकडून नव्या पुणें विद्यापीठाकडे आली, एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तिला स्वायत्तता मिळाली, व २०२२ सालीं ती स्वतःच ‘सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ’ झाली. १८५४ पासून मोजल्यास हें निदान पांचवें-सहावें नामांतर होय. हाताखालचे ओव्हरसीयर पुरविणारी शाळा विद्यापीठाच्या पदास पोंचली, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां राहुरीकडे. १९६८ सालीं सर्व राज्यासाठीं महाराष्ट्र कृषि विद्यापीठ निघालें, आणि पुढच्याच वर्षीं त्याचे भाग पडूं लागले. पश्चिम महाराष्ट्राच्या वांट्याचें विद्यापीठ १९६९ सालीं राहुरीस आलें, व त्याला महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. पुण्याचें शेतकी कॉलेज, म्हणजे संगमावरून १९०७-०८ मध्यें वेगळें निघालेलें तेंच, या विद्यापीठाचें घटक झालें. आणि त्याच वर्षीं राहुरीच्या आवारांत कृषि-अभियांत्रिकीचें महाविद्यालय सुरू झालें. ज्यांचें नांव पुढें त्याला दिलें गेलें ते अण्णासाहेब शिंदे कोपरगांव मतदारसंघाचे लोकसभा-सदस्य व हरित क्रांतीच्या काळांत केंद्र सरकारांत शेतकी खात्याचे राज्यमंत्री होते. अशा रीतीनें पुण्यास तुटलेली गांठ साठ वर्षांनीं नगर जिल्ह्यांत पुन्हां बसली.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. राहुरीच्या महाविद्यालयाची वंशावळ संगमापर्यंत सरळ नेतां येत नाहीं. आपलीं कृषि विद्यापीठें अमेरिकेंतील जमीन-अनुदान कॉलेजांच्या नमुन्यावर उभीं राहिलीं. पंतनगरचें १९६० चें विद्यापीठ त्यांतलें पहिलें. कृषि-अभियांत्रिकीची पदवीही आपल्या देशांत प्रथम १९४२ सालीं अलाहाबादच्या शेतकी संस्थेंत सुरू झाली. राहुरीची योजना करणाऱ्यांनीं कॉलेज ऑफ सायन्सची आठवण ठेवून ती केली असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. संबंध आहे तो रक्ताचा नव्हे, गरजेचा. १८७९ सालीं दुष्काळानें जें शिकविलें तेंच पुन्हां दुसऱ्या वाटेनें शिकावें लागलें, एवढाच याचा अर्थ.

आणि तें शिकलें गेलें याची साक्ष या महाविद्यालयाच्या विभागांच्या पाट्याच देतात. एक विभाग मृद व जलसंधारणाचा आहे, म्हणजे फुल्यांच्या ताली-बंधाऱ्यांचा. दुसऱ्याचें नांव सिंचन व निचरा अभियांत्रिकी. पाणी देणें व पाणी काढणें हीं दोन कामें एकाच पाटीवर एकत्र आलीं, ही गोष्ट नीरेच्या पत्रकाचा इतिहास जाणणाऱ्यास साधी वाटणार नाहीं. शिवाय अवजारें व यंत्रें, शेतमालावरील प्रक्रिया हे विभाग आहेतच. पिकाला किती व केव्हां पाणी द्यावें हें हवामानावरून सांगणारी एक संगणकीय प्रणाली विद्यापीठानें ‘फुले’ याच नांवानें प्रसृत केली आहे. असूडांतील तोटीचीच ही पणती म्हणावयास हरकत नाहीं. जवळच बारागांव नांदूरला मुळेवर मातीचें मोठें धरण आहे, ज्याच्या जलाशयास ज्ञानेश्वरसागर म्हणतात. त्याचे कालवे याच भागांतून वाहतात. म्हणजे शिकण्याचा विषय विद्यार्थ्यांच्या दाराशींच आहे.

परंतु एक गोष्ट अद्यापि उलटी राहिली आहे. १८५४ सालीं पुण्यास खात्यांतील जागा आधीं होती व शाळा मागाहून निघाली. राहुरीस शाळा आधीं निघाली. येथून बाहेर पडणारा पदवीधर धड बांधकाम व पाटबंधारे खात्याचा धरला जात नाहीं, कारण तो स्थापत्याचा नव्हे. आणि शेतकी खात्यांत त्याला कृषि पदवीधरांच्या रांगेंत उभें राहावें लागतें. २०२३ सालीं राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत आपल्या विषयास मिळालेल्या स्थानावरून राहुरीच्या विद्यार्थ्यांनीं आंदोलन केलें, व कृषि-अभियांत्रिकीचें स्वतंत्र संचालनालय असावें ही मागणी पुढें आली. मोरीच्या पलीकडचें पाणी कोणाच्या खात्याचें, हा प्रश्न १९१० सालीं नीरेकाठीं निघाला होता. तें काम करूं शकणारीं माणसें आज राहुरीस दरसाल तयार होत आहेत. त्यांच्यासाठीं खात्यांत जागा आंखणें तेवढें शिल्लक आहे.